होमरचा तास आणि पोरका आर्थर

टॉमस ह्यूज यांची 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' ही कादंबरी ज्यांनी शाळकरी वयात वाचली, त्यांना आज तिच्याविषयी विचारले तर बहुधा तीनच गोष्टी आठवतात. फ्लॅशमनने लहानग्या टॉमला शेकोटीपुढे धरून भाजणे, फुटबॉलचा तो गोंधळी सामना, आणि हेडमास्तर डॉ. आर्नल्ड यांची धीरगंभीर मूर्ती. या तिन्ही गोष्टी पुस्तकाच्या पूर्वार्धात भेटतात. उत्तरार्ध मात्र वाचकांच्या स्मरणातून निसटतो. काही वाचकांना तो उपदेशपर वाटतो, काहींना रडका. आमचे मत असे की, या कादंबरीत आज वाचण्याजोगे जे काही उरले आहे ते बहुतेक याच उपेक्षित उत्तरार्धात आहे. आणि त्याचे कारण जॉर्ज आर्थर नावाचा तेरा-एक वर्षांचा, नुकताच पितृहीन झालेला मुलगा हे होय.

कादंबरी १८५७ साली निघाली, तेव्हा तिच्यावर लेखकाचे नाव नव्हते. 'एक जुना विद्यार्थी' एवढीच ओळख होती. (१८५७ हे साल आमच्या ग्वाल्हेर-झाशीकडील जुन्या घराण्यांना निराळ्याच कारणाने स्मरते, हा भाग वेगळा.) ह्यूज स्वतः १८३४ ते १८४२ या काळात रग्बी येथे शिकले. आर्नल्ड यांची तेथील कारकीर्द १८२८ ते १८४२ अशी. तेव्हा पुस्तकातील शाळा ही ऐकीव शाळा नव्हे. तिच्या धर्तीवर पुढे आपल्याकडे संस्थानिकांच्या व सरदारांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. इंदूरचे डेली कॉलेज आणि १८९७ साली सरदार स्कूल म्हणून सुरू झालेली ग्वाल्हेरची सिंदिया स्कूल ही नावे आमच्या वाचकांना परकी नाहीत. खेळाचे मैदान, वसतिगृहाची शिस्त, वरच्या वर्गातील मुलांकडे सोपवलेला धाकट्यांचा कारभार आणि 'रडायचे नाही' हा न लिहिलेला पहिला नियम: ही सारी घडण त्या इंग्रजी शाळांवरून आलेली. म्हणून आर्थरचे रग्बीत काय झाले, हा प्रश्न आम्हांला केवळ परदेशी वाङ्मयाचा वाटत नाही.

आर्थरचे वडील इंग्लंडच्या मध्यभागातील एका गिरणगावात धर्मोपदेशक होते. युद्धकाळात वाढलेले, नंतरच्या मंदीत खचलेले ते गाव. तेथील मजुरांमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे काम केले आणि शेवटी तापाच्या साथीत, रोग्यांची शुश्रूषा करीत असता, ते गेले. मुलगा रग्बीत येतो तो हे सारे पोटात घेऊन. टॉम तेव्हा तिसरीचौथीतला पोर राहिलेला नाही. हॅरी ईस्ट या जिवलग मित्रासमवेत एका अभ्यासिकेत राहायचे आणि मनसोक्त उनाडक्या करायच्या असा त्याचा बेत ठरलेला. त्या बेतावर पाणी पडते. वसतिगृहाची व्यवस्था पाहणाऱ्या बाई एक फिकट, सडपातळ मुलगा त्याच्यापुढे उभा करतात आणि हा तुझ्या अभ्यासिकेत राहील, याला सांभाळ, असे सांगतात. टॉमचा हिरमोड होतो, आणि लेखक तो लपवीत नाही. मैत्रीची सुरुवात ओझ्यापासून होते हे ह्यूज यांनी स्वच्छ लिहिले, यासाठी आम्ही त्यांचे ऋणी आहोत. अशा गोष्टींतून पहिल्याच भेटीत जिवाभावाची गाठ पडते, असे दाखविण्याची लेखकांना भारी हौस असते.

टॉमचा पहिला धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. कोणी काही विचारले तर ताठ मानेने उत्तर दे. आणि घराविषयी, आईविषयी, बहिणींविषयी येथे अवाक्षर काढू नकोस, नाहीतर मुले तुला आईवेडा म्हणतील. आर्थरचे डोळे भरून येतात. निदान तुझ्याशी तरी घरचे बोलले तर चालेल का, असे तो भीतभीत विचारतो. टॉम ओशाळतो, माझ्याशी बोल, मला आवडेल, असे म्हणतो. वडिलांचे नाव येथे कोणीच घेत नाही. टॉमने घातलेल्या बंदीत आई आहे, बहिणी आहेत; गेलेल्या माणसाला बंदी घालण्याचीही गरज त्याला भासत नाही. शाळेच्या वेळापत्रकात शोकाला तास नाही, आणि नियमांतही त्याच्यासाठी रकाना नाही. वाचकाला हे जाणवावे असा लेखकाचा हेतू होता की नव्हता, हे सांगणे कठीण आहे. पण जाणवते खरे.

यानंतरचा प्रार्थनेचा प्रसंग प्रसिद्ध आहे, म्हणून आम्ही त्यावर फार शब्द खर्च करीत नाही. पहिल्या रात्री भरल्या निजण्याच्या खोलीत आर्थर गुडघे टेकून प्रार्थना करू लागतो, कोणी हसते, कोणी सपाता फेकून मारते, आणि टॉम आपला बूट त्या फेकणाऱ्यावर भिरकावतो. रात्रभर त्याला झोप येत नाही. आपणही आईला असेच वचन दिले होते हे आठवते, आणि सकाळी तोही गुडघे टेकतो. व्हिक्टोरियन वाचकांना हा प्रसंग अतोनात प्रिय होता. त्यात धैर्य आहे, नाट्य आहे. परंतु आर्थरच्या दुःखाला त्यात स्पर्श होत नाही. तेथे तो दुसऱ्याच्या सुधारणेचे निमित्त ठरतो, एवढेच.

खरी जागा पुढे आहे. तिच्याविषयी समीक्षकांनी फारसे लिहिलेले आमच्या वाचनात नाही.

वर्गात 'इलियड' चालू आहे. धडा शेवटच्या, चोविसाव्या सर्गातला. हेक्टरचे शव ट्रॉयमध्ये परत आणले आहे आणि त्याच्यावर स्त्रिया विलाप करीत आहेत. होमरने येथे तीन विलाप रचले: प्रथम पत्नी अँड्रोमकी, मग आई हेक्युबा, आणि अखेरीस हेलन. पत्नी आणि माता यांच्यानंतर, सर्वांत शेवटी, त्या घरात परकी असलेली, जिच्यापायी हे युद्ध पेटले ती बाई. महाकाव्याच्या समाप्तीपाशी तिला हे स्थान देण्यात होमरची केवढी थोर समज दिसते! ती म्हणते ते थोडक्यात असे. देश सोडून मला येथे येऊन वीस वर्षे झाली. एवढ्या काळात तुझ्या तोंडून मला एकही उणा शब्द ऐकावा लागला नाही. दीर, नणंदा, जावा, सासू यांपैकी कोणी मला टाकून बोलले, तर तू त्यांना आवरीत असस, आपल्या सौम्यपणाने, मृदू बोलण्याने. आता या अफाट नगरीत माझ्याशी मायेने वागणारे कोणी उरले नाही. ती त्याच्यासाठी रडते आणि त्याच दमात स्वतःसाठी रडते.

ग्रीक न येणाऱ्या मराठी वाचकालाही हे कळायला टीकेची गरज नाही. जात्यावरच्या ओव्या ज्यांच्या कानांवरून गेल्या आहेत त्यांना दीर-नणंदा-जावा यांचा हा पट घरचा वाटेल. परक्या घरात एका माणसाच्या गोड शब्दावर दिवस काढणारी सासुरवाशीण आमच्या लोकगीतांत हजार वेळा आली आहे. चार-पाच पिढ्यांपूर्वी महाराष्ट्र सोडून दूर येऊन वसलेल्या आमच्या घराण्यांतही, नव्या मुलखात पहिल्यांदा गोड बोललेल्या शेजाऱ्याची आठवण पुढच्या पिढ्यांना सांगितली जाते. असो.

हा उतारा वाचून त्याचा अर्थ सांगण्याची पाळी आर्थरवर येते. तो सांगत जातो, आणि नेमका त्या मृदू शब्दांच्या ओळींपाशी त्याचा कंठ दाटतो. आसवे पुस्तकावर पडू लागतात. पुढे त्याला बोलवत नाही. ह्यूज यांनी कोणतीही ओळ निवडली असती तर चालले असते. अँड्रोमकीच्या विलापात अनाथ होणाऱ्या बाळाचा उल्लेख आहे; पितृहीन मुलाला रडवायचे तर ती जागा अधिक सोपी होती. परंतु त्यांनी हेलनचा विलाप निवडला. यातच या लेखकाची जात आम्हांला दिसते. आर्थर येथे केवळ गेलेल्या वडिलांसाठी रडत नाही. परक्या घरात आपल्याला कोणी आवरून धरले, कोणी इतरांचे कडवे बोल अडविले, याची जाणीवही त्या आसवांत आहे. त्याच्यापुढे मेलेला हेक्टर आहे आणि त्याच बाकांवर जिवंत टॉमही बसला आहे. शोक आणि कृतज्ञता यांची अशी सरमिसळ त्या वयाच्या मुलाला शब्दांत सांगता येणे शक्यच नव्हते. ते होमरने सांगितले, तीन हजार वर्षांच्या आसपास आधी, आणि अभ्यासक्रमाने ते योगायोगाने त्याच्या हाती दिले.

घरची गोष्ट काढू नकोस, हा नियम येथे मोडला जातो, आणि मोडूनही मोडल्यासारखा दिसत नाही. मुलाने आईचे नाव घेतलेले नाही, बापाचे घेतलेले नाही. त्याने फक्त धडा वाचला. वर्गशिक्षकांना ते उमगते. त्याला घाई नको म्हणून ते सौम्यपणे सांगतात. हा एक मास्तर आम्हांला आर्नल्डसाहेबांच्या साऱ्या प्रवचनांपेक्षा मोठा वाटतो.

मात्र रडणाऱ्या मुलाकडे सगळ्यांनी दयेने पाहिले, असे होत नाही. आर्थर थांबल्यामुळे पाठाची गाडी अपेक्षेपलीकडे जाते आणि न वाचून आलेला विल्यम्स नावाचा दांडगा मुलगा पकडला जातो. त्याच्या लेखी सारा दोष त्या रडक्याचा! दुःखी माणसाचे दुःख इतरांना बऱ्याचदा अडचणीचे होते, त्यांच्या सोयींच्या आड येते, आणि मग ते त्याच्यावर उखडतात: हे मानवी स्वभावाचे अप्रिय सत्य ह्यूज यांनी एका शालेय प्रसंगात किती बिनबोभाट मांडले आहे! तास सुटताच विल्यम्स आर्थरला गाठतो. टॉम मध्ये पडतो. पुढे प्रार्थनामंदिरामागच्या मैदानात दोघांची रीतसर मुष्टियुद्धाची झुंज होते आणि डॉक्टर येताना दिसताच ती थांबते.

त्या झुंजीचे वर्णन वाचून आमच्यापैकी काहींना नाक मुरडावेसे वाटेल. ह्यूज यांनी ठोसेबाजीची तरफदारी केली आहे, ती आम्हांलाही रुचत नाही. परंतु रचना पाहावी. तासाला जे हेलनने हेक्टरविषयी सांगितले, तेच तास सुटल्यावर टॉम करतो: परक्यावर येणारा घाव मध्येच अडवितो. हेक्टरने ते मृदू शब्दांनी केले. टॉमजवळ शब्द नाहीत, मुठी आहेत. लेखकाने ही जोड वाचकाला बोट दाखवून सांगितली नाही, हे उत्तम झाले. मैत्री म्हणजे सांत्वन नव्हे, हे ह्या प्रकरणातून निघते. टॉम आर्थरचे सांत्वन एकदाही धड करीत नाही. तेवढी त्याची तयारीच नाही. शोकामुळे आर्थरवर जे ओढवते ते तो आपल्या अंगावर घेतो. आमच्या मते नव्या शाळेतल्या दुःखी मुलाला याहून मोठे दान दुसरे मूल देऊ शकत नाही.

टॉमचे आणखी एक शहाणपण येथे नोंदवले पाहिजे. आर्थरला आपल्यावाचून कोणी नाही, हे त्याच्या ध्यानात येते, आणि ते त्याला सुखावत नाही, उलट खुपते. पक्षी, अंडी, रसायने यांनी खोली भरून टाकलेला मार्टिन नावाचा एक विक्षिप्त मुलगा शाळेत आहे; सगळे त्याला वेडा म्हणतात. टॉम त्या दोघांची गाठ घालून देतो. दुसऱ्याला आधार देणाऱ्या माणसाला तो आधार आपलाच राहावा असा मोह असतो. टॉम त्या मोहात सापडत नाही. मार्टिनबरोबर रानात हिंडताना, झाडावर चढून घरटी धुंडाळताना आर्थर पहिल्यांदा साध्या मुलासारखा हसतो-बागडतो. त्या पानांत कोठेही शोकाचा उल्लेख नाही, आणि तेथेच तो हलका झालेला दिसतो.

यापुढे मात्र पुस्तक घसरते. आर्थर साथीच्या तापात सापडतो, मरणाच्या दारातून परततो, आणि आजारातून उठलेला हा मुलगा टॉमला उपदेश करू लागतो. त्याचे स्वप्न, त्याची शांत मुद्रा, त्याच्या आईचे आगमन: सारे कसे नितळ, सोज्ज्वळ आणि म्हणूनच निर्जीव. हाडामांसाचे पोर जाऊन तेथे देवघरातले चित्र येते. शेवटी तर एक शिक्षक टॉमला सांगतात की, आर्थरला तुझ्या हवाली करण्याची योजना खुद्द डॉक्टरांचीच होती. तू वाया जात होतास, कोणाची तरी जबाबदारी पडली तर सावरशील, असा त्यांचा होरा होता. टॉम हे ऐकून भारावतो. आम्ही भारावू शकत नाही. बापाच्या मृत्यूने पोळलेले पोर दुसऱ्या एका धडधाकट पोराला वळण लावण्यासाठी औषधासारखे वापरले गेले, असाच याचा अर्थ होत नाही काय? योजना फळास आली हे खरे, दोघांचेही भले झाले हेही खरे. तरीपण आर्थरला कोणी विचारले नव्हते. ह्यूज यांना हा प्रश्न सुचलेलाच दिसत नाही, आणि त्या काळच्या त्यांच्या वाचकांनाही तो सुचला असेल असे आम्हांला वाटत नाही.

आता थोडे आपल्याकडे पाहू. रग्बीच्या त्या पहिल्या नियमाच्या अगदी विरुद्ध टोकाला आपल्या भाषेतले एक पुस्तक उभे आहे. साने गुरुजींची आई १९१७ मध्ये गेली, तेव्हा ते पुण्यात शिकत होते, वय सतरा. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या 'श्यामची आई'त श्याम आपल्या आश्रमातील सोबत्यांना बेचाळीस रात्री आईविषयी सांगत बसतो. आईचे नाव काढू नकोस म्हणणारी ती शाळा कोठे, आणि बेचाळीस रात्री आईवाचून दुसरे बोलणेच नाही असा हा आश्रम कोठे! मराठी मनाला दुसरा मार्ग जवळचा, यात शंका नाही. आमच्या घराघरांत ते पुस्तक डोळे पुसत वाचले गेले आहे. पण वाङ्मयीन दृष्टीने पाहता एक उणीव आम्हांला नेहमी जाणवत आली. श्यामच्या शोकाला वाचा मिळाली, श्रोते मिळाले, परंतु त्या श्रोत्यांना स्वतःचा चेहरा फारसा मिळाला नाही. ते ऐकतात, गहिवरतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. त्यांच्यापैकी कोणी टॉमसारखा रुसत नाही, ओझे वाटून कुरकुरत नाही, आणि म्हणूनच कोणी टॉमसारखा मित्रही होत नाही.

गुरुजींच्या चरित्रात मात्र ही उणीव भरून निघालेली दिसते. १९२४ ते १९३० ही वर्षे त्यांनी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात काढली. तेथील छात्रालय त्यांच्याकडे होते. मुलांच्या खोल्या झाडणे, कपडे धुणे, आजाऱ्यापाशी रात्र काढणे, त्यांच्यासाठी हाताने 'छात्रालय दैनिक' लिहून काढणे, हे सारे सर्वश्रुत आहे. आईला मुकलेला तरुण घरापासून दूर राहणाऱ्या पोरांची आई झाला. आर्नल्ड आपल्या घरातून योजना आखीत होते. गुरुजी केरसुणी घेऊन खोलीत होते. या दोहोंत आमचा कौल कोणाला, हे सांगायला नकोच. पण ते जगण्यातले थोरपण झाले. पुस्तकात ते टॉमच्या तोडीने उतरले नाही, असे नाइलाजाने म्हणावे लागते.

बेळगावकर सभासद येथे लंपनचे नाव काढतील, आणि ते योग्यच होईल. प्रकाश नारायण संत यांच्या 'वनवास' (१९९४) पासूनच्या कथांमधला हा मुलगा आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांपाशी, सीमेवरच्या कानडी-मराठी गावात येऊन पडतो. त्याचे दुःख आरंभी मृत्यूचे नाही, दुराव्याचे आहे. पण लेखकाचे वडील, ना. मा. संत, लेखकाच्या बालपणीच निवर्तले होते, हे जाणून त्या कथा वाचल्या की त्यांतल्या खोडकर सुरामागे काय दडले आहे ते ऐकू येऊ लागते. लंपनही आपल्या दुःखाविषयी थेट बोलत नाही. तो आकडे फुगवतो, सगळ्याला मॅड म्हणतो, सुमीशी भांडतो. श्यामपेक्षा आर्थरशीच त्याचे नाते अधिक जुळते, असे आम्हांला वाटते. फरक इतकाच की लंपनला साधुत्वाची बाधा कधी होत नाही. या मुलावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

'टॉम ब्राउन'च्या शेवटाविषयी थोडे सांगायचे राहिले. १८४२ च्या जूनमध्ये आर्नल्ड अकस्मात वारले. टॉम तेव्हा ऑक्सफर्डमध्ये शिकत आहे. सुटीत मित्रांबरोबर स्कॉटलंडात मासेमारीला गेला असता वर्तमानपत्रातून त्याला ही बातमी कळते. तो तडक निघतो आणि रग्बीला येतो. शाळेला सुटी आहे. मैदान रिकामे, वसतिगृह रिकामे. नव्या शाळेत आलेल्या पोरक्या मुलाला ज्याने सांभाळले, तो आता स्वतः पोरका होऊन जुन्या शाळेत आला आहे, आणि ह्या वेळी त्याच्यासाठी कोणी उभे नाही: ना बाई, ना ईस्ट, ना आर्थर. किल्ल्या घेऊन तो प्रार्थनामंदिर उघडतो. प्रथम आपल्या सहाव्या इयत्तेतल्या मानाच्या जागी जाऊन बसतो. तेथे त्याला बसवत नाही. मग उठून तो अगदी खालच्या बाकावर जातो, शाळेत आल्यावर पहिल्या रविवारी जेथे बसला होता तेथे.